सहा मेगापिक्सेलचे अण्णा

अण्णांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "हाताला घाम येतो काय रं?"

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात सहा महिने बोल्ट तपासून झाल्यावर बोल्टांना माझा आणि मला बोल्टांचा कंटाळा आला, तेव्हा मी निपाणीला त्यांच्या फोटो स्टुडिओत काम मागायला गेलो होतो. फोटोग्राफीच्या कोर्सचं सर्टिफिकेट लॅमिनेशन करून नेलं होतं. त्याच्याकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. माझे दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले, अंगठ्यानं चोळले आणि म्हणाले, "घामट हात असला की लेन्सला बुरशी येती. तुझं चालंल. उद्यापासनं ये. डबा घेऊन ये, हितं जेवाय मिळत न्हाई."

पुढं आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. एवढ्या काळात माझ्या शरीराच्या दुसऱ्या कुठल्याच भागाला त्यांनी बरं म्हटलं नाही. डोक्याला तर नाहीच.

अण्णांचा कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा होता. डीएसएलआर ही चीज आमच्या भागात आली तेव्हा अगदी आधी आलेल्यांपैकी एक. मी गेलो तेव्हाच त्याची पकड झिजून रबर सुटलं होतं. अण्णांनी तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवला होता. त्यामुळं नवऱ्या मुलीच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढला की अत्तर, मोगरा आणि सायकलचं दुकान असा तिहेरी वास यायचा. मागच्या स्क्रीनवर त्यांनी बिडीच्या पुड्याचा कागद डकवून टाकला होता. काढलेला फोटो लगेच बघायचा नाही, हा त्यांचा कायदा.

"मागं बघालास तवर म्होरचं जातंय," असं त्यांचं म्हणणं.

एका लग्नात नवऱ्याचा मेहुणा फारच मागं लागला. "अण्णा, दाखवा की कसा आलाय."

"लगीन झालंय न्हवं तुझं?"

"झालंय की. दोन वर्सं झाली."

"तरी अजून दम धराय शिकला न्हाईस?"

मेहुण्याची बायको शेजारीच होती. ती एवढी हसली की अण्णांनी तिचा फोटो काढला. एकच. अण्णा कुणाचेही दोन काढत नसत. "एका तोंडाला एक," म्हणायचे. फिल्मच्या काळात लागलेली सवय. सोडायला सांगितलं की मलाच विचारायचे, "तू जेवताना घास दोनदा गिळतोस काय?"

हा कॅमेरा घरी तांदळाच्या डब्यात राहायचा. दमटपणा लागू नये म्हणून. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या कॅमेऱ्याला बासमती आणि आमाला रेशनचा." एकदा भातात लेन्सचं टोपण शिजलं. अण्णांनी ते धुऊन, पुसून परत लावलं. त्याचा आकार थोडा बदलला होता, तर काकूंनाच म्हणाले, "जरा कमी शिजवायचा."

लोकांना हसवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या भागातल्या माणसाला 'स्माइल' म्हटलं की तो दाताच्या डॉक्टरकडं गेल्यासारखा जबडा उघडतो. अण्णा विचारायचे, "म्हशीनं सकाळी किती दूध दिलं?" समोरचा गडी मनात मोजायला लागायचा आणि त्याच्या तोंडावर त्याचं खरं तोंड यायचं. तेवढ्यात खटका. बेळगावहून आलेल्या एका वकिलांनाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. वकील म्हणाले, "माझ्याकडं म्हैस नाही." अण्णा म्हणाले, "असती तर?" वकिलांचा तो फोटो फार छान आला. नसलेल्या म्हशीचं दूध मोजणारा माणूस इतका विचारी दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि एक होतं त्यांचं 'लाइट चेक'.

प्रत्येक लग्नात जेवणं आटोपली, माणसं सैल पडली की अण्णा मांडवाच्या कडेला सावलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडायचे. म्हाताऱ्या माणसांना एकेक करून बोलवायचे. "काका, जरा बसा. लाइट चेक करालोय." काका बसले की म्हशीचा प्रश्न, एक खटका, आणि मग खिशातल्या डायरीत नाव, गाव. दोन वर्षं मला वाटत होतं की हा माणूस खरोखरच लाइट चेक करतो, आणि लग्न उरकल्यावर उजेड तपासणारा फोटोग्राफर एकंदरीत कच्चाच असावा. मग एके सकाळी टोपी हातात धरून एक जण स्टुडिओच्या पायरीवर आला आणि म्हणाला, "अण्णा, वडील गेले. त्यांचा धड फोटोच न्हाई वो आमच्याकडं." अण्णांनी डायरी काढली, गावाचं नाव शोधलं, कॉम्प्युटरवर बोट ठेवून मला म्हणाले, "ह्यो. मोठा करून दे." खुर्चीत बसलेले वडील दुधाचा हिशेब करत आमच्याकडं बघत होते. पायरीवरचा माणूस तिथंच रडायला लागला.

पुढं पुढं काही बेरकी म्हाताऱ्यांना हा डाव कळला. अण्णा खुर्ची उचलताना दिसले की ते हात धुवायच्या निमित्तानं गायब व्हायचे.

असा सगळा छान संसार चालला असताना मी त्यात पंचेचाळीस मेगापिक्सेलची सवत आणायचं ठरवलं.

माझ्या बाजूनंही बोलायला हवं. स्टुडिओत येणारी पोरं आता 'फोटो कसे काढता' विचारत नव्हती, 'कॅमेरा कुठला' विचारत होती. एक नवरदेव आला, टेबलावर गॉगल ठेवला आणि म्हणाला, "किती मेगापिक्सेल आहे तुमचा?"

अण्णा म्हणाले, "तुझं तोंड केवढं हाय?"

गॉगल उचलला गेला. समोरच्या स्टुडिओच्या पायऱ्या चढताना मी त्याला दारातनं बघितलं. त्या हंगामात असे बरेच गॉगल मी रस्ता ओलांडताना बघितले. तवंदी घाटात लग्नाआधीचे फोटो काढायला जोड्या जात होत्या, आणि त्यांच्यामागं छत्र्या घेऊन पळणारी माणसं समोरच्या स्टुडिओची होती. हा स्टुडिओ पुढंमागं मीच चालवायचा, हे अण्णांनी सांगून ठेवलं होतं. चालवायला काही उरणार आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न होता.

"अण्णा, नवा घेऊया," मी रोज म्हणायचो. "त्यात ग्रुप फोटो एक काढला की बास. मग त्यातनं पाहिजे ते तोंड कापून मोठं करायचं. एकेकाला खुर्चीत बसवायची गरजच न्हाई."

"म्हंजे सगळी माणसं एकदम गोळा करायची आणि मग सवडीनं हुडकत बसायची?"

"व्हय."

"आणि सापडला न्हाई तर?"

"सापडतंय वो. झूम करायचं."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांचं 'बरं' हे संमतीचं नसायचं. समोरचा माणूस खड्ड्याकडं चाललाय आणि आपण थोडं बाजूला उभं राहावं, अशा अर्थाचं असायचं.

शेवटी मी बेळगाव गाठलं. अनगोळच्या रस्त्याला एक कॅमेरावाला होता. त्यानं काउंटरमागं स्वतःचाच चेहरा चार फुटी करून लावला होता. दाढी करताना कापलेलंसुद्धा दिसत होतं. एवढं बघूनही लोक तो कॅमेरा घेत होते, आणि मीही घेतलाच. तो निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलत माझ्या हातात कॅमेरा देत होता, "तगोरी सर, तगोरी. घ्या. महिनाभर वापरा. पटला तर तुमचा जुना डीएसएलआर द्या, हा ठेवून घ्या. राहिलेल्याचे हप्ते. जुना कुठला पण चालेल, फक्त चालू पाहिजे बघा."

म्हणजे अण्णांचा कॅमेरा द्यायचा.

मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते नवा कॅमेरा हातात घेऊन बैलबाजारात बैल बघतात तसा बघत होते. खालून, वरून, बाजूनं. वजन तोलून झालं. "महिना हाय न्हवं? वापर. मग बघू," म्हणाले आणि त्याला परत हात लावला नाही.

पहिल्याच आठवड्यात संकेश्वरजवळच्या एका गावात लग्न होतं. अण्णांचा गुडघा धरला होता, मी एकटाच गेलो. काय सांगू महाराजा! अक्षतांचा दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. जेवणानंतर मी खुर्ची मांडली नाही. घरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दोन ओळींत बसवलं, उभं केलं, दोन वेळा खटका दाबला आणि लाइट चेकचा विषय कायमचा मिटवून बासुंदीकडं वळलो. अकरा म्हातारे होते. अकराजणांना पाहुण्यांनी गुलाबी फेटे बांधले होते. अकराजणांना पांढऱ्या मिशा होत्या.

आठवड्यानं त्या घरातून पुतण्याचा फोन आला. घरातले नाना, म्हणजे त्याचे थोरले चुलते, झोपेतच गेले होते. "लग्नातल्या ग्रुपमधनं त्यांचा फोटो काढून द्या. दहाव्याला पायजे."

"दिसायला कसे होते?"

"फेटा. मिशा पांढऱ्या."

मी ग्रुप फोटो उघडला आणि झूम केलं. खुर्चीवर बसलेले एक आजोबा मला एकदम पटले. घरातला कर्ता माणूस असाच दिसणार. भुवईवरचा व्रण, नाकाजवळचा तीळ, मिशीतला एकच काळा राहिलेला केस, सगळं स्पष्ट. आणि एवढं स्पष्ट दिसल्यावर मी त्यांना ओळखतोच, अशी माझी खात्री झाली. तरी खबरदारी म्हणून पुतण्याला फोनवर पाठवलं. तो तेव्हा सरणाच्या लाकडांचा, भटजींचा, पाव्हण्यांचा सगळा घोर एकटा वाहत होता, आणि त्याच्या फोनच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते. त्यानं लिहिलं, 'व्हय. तेच.'

दहाव्या दिवशी फ्रेम घेऊन मी स्वतः गेलो. खरं तर पार्सल पाठवता आलं असतं. पण मला बघायचं होतं लोक काय म्हणतात. इस्त्रीचा शर्ट घातला होता, हेही सांगून टाकतो.

माणसं नदीवर गेली होती. पुतण्यानं फ्रेम सोप्यात खुर्चीवर ठेवली, घाईघाईनं हार घातला, समई लावली आणि परत नदीकडं पळाला. शेजारचे चार म्हातारे भिंतीला टेकून बसले होते. मी चहा घेत त्यांना मेगापिक्सेल समजावून सांगत होतो. "बघा, मिशीतला केस न् केस मोजता येतोय." ते फोटोकडं बघत होते, मग एकमेकांकडं, मग चहाकडं. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "मेल्यावर नाना लई आप्पासारखं दिसाय लागलेत, न्हवं?"

दुसरा म्हणाला, "भाऊच की सख्खं."

तेवढ्यात नदीवरची माणसं आली. सगळ्यांत पुढं एक आजोबा होते, ओलं धोतर, खांद्यावर टॉवेल. उंबऱ्यात थांबले. भुवईवर व्रण. नाकाजवळ तीळ. मी हातातली बशी खाली ठेवली.

त्यांनी फोटो बघितला, हार बघितला, समई बघितली. मग सगळ्यांना विचारलं, "मी कवा गेलो?"

कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. आप्पा खुर्चीपाशी उकिडवे बसले आणि स्वतःला निरखून बघायला लागले. "बरा आलोय खरं," म्हणाले. मग माझ्याकडं वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "आणि माझा भाऊ कुठाय?"

मी फोनवर ग्रुप फोटो उघडला. त्यांनी बोट ठेवलं. नाना मागच्या ओळीत उभे होते. पुढच्याच्या फेट्याच्या तुऱ्यानं त्यांचं निम्मं तोंड झाकलं होतं आणि उरलेलं निम्मं कुणीतरी हाक मारली म्हणून वळलं होतं. पंचेचाळीस मेगापिक्सेलमधून त्यांच्या कानातले केस दिसत होते. तोंड दिसत नव्हतं.

घरात दुसरा फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता; तो आतून कुणीतरी आणला. मागोमाग नानांची बायको, सगळे तिला आक्का म्हणत, दाराशी आली. कार्डाकडं बघून म्हणाली, "ह्यो माणूस मी वळखत न्हाई," आणि आत गेली. तेराव्याला तीन दिवस होते.

स्टुडिओत येऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त चार प्रश्न विचारले.

"नाव विचारलंतास?"

"न्हाई."

"गाव कुठलं, शेती कुठं?"

"न्हाई."

"म्हशीचं?"

"न्हाई वो, अण्णा."

"मग केलास काय?"

"झूम."

अण्णांनी डायरी काढली. त्या घरातली आधीची दोन लग्नं त्यांनी केली होती. नानांचं नाव होतं, पण पुढं काट मारलेली. "ह्यो गडी बसलाच न्हाई बघ दोन्ही टायमाला. मला म्हणाला, तुझं लाइट चेक मला म्हाईत हाय, अजून दहा वर्सं थांब." डायरी मिटून त्यांनी खणात टाकली. मग म्हणाले, "भावाला बोलीव."

"कुठल्या?"

"जित्त्या. मेलेला आला असता तर घोर कशाचा होता?"

दुसऱ्या दिवशी पुतण्या आप्पांना गाडीवर बसवून घेऊन आला. अण्णांनी सरळ सांगितलं, "भावाच्या जागी तुमी बसायचं." मला वाटलं, आता हे आजोबा उठून जाणार. आप्पांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "फेटा बांधू का टोपी?"

आधी मी माझ्या कॅमेऱ्यानं काढला. माझा हट्टच होता. आप्पा हुबेहूब आप्पा आले. व्रण पुसला, तीळ पुसला, मिशीतला काळा केस पांढरा केला. दोन तास कॉम्प्युटरशी झटापट केली. पुतण्या बघून म्हणाला, "हे तीळ नसलेले आप्पा हैत."

"तुझा कॅमेरा लई शाणा हाय," अण्णा म्हणाले. "त्याला माणूस कळतोय. आपल्याला न कळणारा पायजे." आणि त्यांनी आपला काढला.

खुर्ची खिडकीपासून लांब सरकवली. आप्पांच्या डोक्यावर पांढरी टोपी घातली, डावीकडं कललेली. नानांची तशी असायची. आणि म्हशीचं न विचारता म्हणाले, "भाऊ घरात बसायचा कसा?"

हळूहळू आप्पांचा उजवा हात गुडघ्यावर गेला, मान थोडी वाकडी झाली आणि एक कान वर आला.

"काय ऐकालाय?" अण्णांनी विचारलं.

"मोटार," आप्पा म्हणाले. "उसातली, पाण्याची. करंट कवा येतोय, कवा जातोय नेम न्हाई. जेवताना, बोलताना, पाव्हण्यांत बसला तरी त्याचा कान तिकडंच. मी म्हणायचो, नाना, आरं माझं ऐक की जरा. तर म्हणायचा, थांब, बंद पडली वाटतं..."

खटका. एकच.

सहा मेगापिक्सेलला व्रण नीटसा दिसलाच नाही. तीळ सावलीत गेला. उरलं ते मोटार ऐकत बसलेलं एक माणूस.

बाराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं फ्रेम घेऊन गेलो. अण्णांनी माझ्यासाठी एक अट घातली होती : तोंड बंद. फोटो आक्कासमोर धरला तेव्हा आप्पा, पुतण्या, घरातल्या बायका सगळे भोवती गोळा झाले. आक्कानं फ्रेम हातात घेऊन उजेडाकडं धरली.

"हे भाऊजी हैत," ती म्हणाली.

मी जमिनीकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "व्हय आक्का. हैत भाऊजीच. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

आक्कानं पदरानं काच पुसली. काचेवर काही नव्हतं. "खरं मोटार ऐकालेत," ती म्हणाली. "जल्मभर जेवणात ध्यान न्हवतं बघा त्यांचं." आणि दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा, असं पुतण्यानं नंतर सांगितलं, ती थोडी हसली. मग म्हणाली, "लावा."

परत येताना स्कूटरवर मी अण्णांना म्हणालो, "उद्या बेळगावला जाऊन नवा परत देऊन येतो."

"कशाला?"

"आता अजून काय बघायचं राहिलंय?"

"कॅमेऱ्यानं काय केलंय? त्यानं दाखिवलं. विचाराय तू विसरलास." त्यांनी मागच्या सीटवर गुडघा जरा सरळ केला. मग म्हणाले, "मला आता लग्नात उभं ऱ्हावत न्हाई. गुडघा बघालास न्हवं? तुला अजून लई वर्सं काढायची हैत. नवा ठेव. ह्यो दे बदल्यात." आणि मांडीवरच्या कॅमेऱ्याच्या ट्यूबच्या तुकड्यावर थाप मारली. "सांगिटलंय ते कर."

अण्णांनी एकदा सांगितलं की विषय संपायचा. मी 'व्हय' म्हणालो. घरी जाऊन मात्र मला जेवण गेलं नाही.

महिना संपला त्या दिवशी आम्ही एसटीनं बेळगावला गेलो. कॅमेरावाल्यानं हसून स्वागत केलं, चहा सांगितला. अण्णांनी पिशवीतून आपला कॅमेरा काढला, काउंटरवर ठेवला आणि त्यावरचा हात अगदी सावकाश उचलला. कॅमेरावाल्यानं बटण सरकवलं. काही नाही. परत सरकवलं. काही नाही.

मी छताकडं बघत होतो. कारण निघायच्या आधी त्यातली चांगली बॅटरी काढून मी एक फुगलेली, मेलेली बॅटरी घातली होती. हे पाप करताना माझ्या त्या नावाजलेल्या तळहातांना पहिल्यांदाच घाम फुटला होता.

"बॅटरी असेल," म्हणत कॅमेरावाल्यानं आपल्या कपाटातली नवीकोरी बॅटरी घातली. आता हा सुरू होणार, आणि गेला कायमचा.

काही नाही.

त्यानं बॅटरी काढून पुसून परत घातली. काही नाही. "इल्ला सर," तो म्हणाला. "हा गेला. स्कीममध्ये चालू लागतो."

"कालपतोर चालत होता वो," अण्णा पडलेल्या तोंडानं म्हणाले. मीही तसंच तोंड केलं, पण माझं खरं होतं. नवी बॅटरी घालूनही सुरू होत नाही म्हणजे माझ्याच उद्योगानं आत काहीतरी बिघडलं. मेलेल्या बॅटरीनं जित्ता कॅमेरा मारला, असा मी एकमेव माणूस असणार.

"मग बदल्याबिगर द्या ह्याला नवा," अण्णा म्हणाले. "हप्ते वाढवून द्या. जामीन म्हणून मी सही करतो." आणि इतके दिवस ज्या कॅमेऱ्याला 'बरं' म्हणत आले, त्याच्या कागदावर त्यांनी तीन ठिकाणी सह्या केल्या.

एसटीत अण्णा खिडकीला बसले, मी शेजारी. पिशवी त्यांच्या मांडीवर. हायवेला लागलो, उसाचे ट्रॅक्टर मागं पडले. संकेश्वर आलं तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही.

"अण्णा, मारा मला. मी त्यात मेलेली बॅटरी घातलीती. द्यायचा न्हवता म्हणून. खरं त्याची नवी घातल्यावर बी सुरू झाला न्हाई. माझ्या हातनं गेला वो कॅमेरा."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवीतून कॅमेरा काढला, बॅटरीचं झाकण नखानं उघडलं आणि आतल्या पितळी टोकांवरून नखाएवढी पारदर्शक सेलोटेप सोलून काढली.

"रातच्याला लावलीती," ते म्हणाले. "दे म्हणून सांगून बसलोतो. आता शब्द मागं कसा घेणार?" टेपची गोळी करून त्यांनी खिडकीबाहेर टाकली. "चांगली कुठाय?"

मी खिशातून बॅटरी काढून दिली. त्यांनी ती घातली, बटण सरकवलं. कॅमेरा टुकटुक करून जागा झाला. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं.

अण्णांनी तो परत पिशवीत ठेवला, पिशवीची गाठ मारली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकाच्या लबाडीत भागलं असतं की रं."